टेलिफोटो (लांबचं टिपणारी लेन्स) हातात धरून फोटो मऊ (धूसर) येतात: पकड चुकतेय की शटर?

झूमवेडा:
क्रॉप सेन्सर (लहान सेन्सर, लेन्स १.५ पट लांब असल्यासारखी वागते), १५०-६०० मिमी झूम. ६०० ला, १/५०० सेकंद शटरवर, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) चालू असूनही दहातले सहा-सात फोटो मऊ. पक्ष्यांमागे ट्रायपॉड घेऊन फिरणं शक्य नाही. काय बदलू?

तिपाई_नको:
आधी दोष हाताचाच आहे का ते बघा. पंचवीसेक मीटरवरची अक्षरांची पाटी १/५०० आणि १/२००० वर दहा-दहा वेळा टिपा. १/२००० चे खणखणीत आले तर हात हलतोय. तेही मऊ असतील तर फोकस चुकतोय, नाहीतर तापलेली हवा लहरतेय. त्यावर पकडीचा इलाज नाही. हात हलला की सगळ्या फ्रेममधल्या रेघा एकाच दिशेला ओढल्या जातात. फक्त पक्षीच ओढलेला दिसला तर पक्षी हललाय.

ढोबळ नियम असा, की शटर निदान १/(मिमी × क्रॉप) हवा. ६०० × १.५ = ९००, म्हणजे स्टॅबिलायझेशनशिवाय किमान १/१००० हवा. स्टॅबिलायझेशन हात सावरतं, पक्ष्याची मान नाही. १/१२५० आणि ऑटो आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो) लावा. नॉइज (फोटोतले दाणे) नंतर कमी होतो, हललेलं पीस परत येत नाही.

कोपर_आत:
शटर बरोबर, पण पकडही बघा. झूम केल्यावर नळी बाहेर येते नि तोल पुढे सरकतो. १५० ला नीट बसलेला डावा हात ६०० ला मागे पडतो, तो पुढे न्या. कॉलरचा (लेन्सभोवतीच्या ट्रायपॉड-कड्याचा) पाय तळहातावर टेकवा, कोपरं बरगड्यांना, आयकप (व्ह्यूफाइंडरभोवतीचं रबर) भुवईला घट्ट. उजवी मूठ आवळू नका. बटण दाबताना कॅमेरा झुकतो तो त्यामुळेच.

बटण अर्धं दाबून सेकंदभर थांबा. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिरावलं की अर्धा श्वास सोडून ३-४ फ्रेमचा बर्स्ट (सलग फोटो). पहिली बहुधा बोटाच्या धक्क्यात जाते, दुसरी-तिसरी राखा.

बसून टिपताना कोपराचं टोक गुडघ्याच्या वाटीवर नको, हाडावर हाड घसरतं. दंडाचा मांसल भाग टेकवा.

झूमवेडा:
आणि उडता पक्षी?

तिपाई_नको:
पॅनिंगचा (पक्ष्यामागे कॅमेरा वळवत टिपण्याचा) मोड असेल तर तो लावा, नाहीतर स्टॅबिलायझेशन तुमच्या वळण्यालाच विरोध करतं. १/२००० च्या खाली उतरू नका. पाय पक्षी जाणार त्या दिशेला रोवून कंबरेतून वळा, मनगटातून नाही.

कोपर_आत:
बसलेल्या पक्ष्यासाठी दोरीही चालते. कॉलरच्या पायात पाव इंची स्क्रू, त्याला न ताणणाऱ्या दोरीचा लांब फास. फास दोन्ही पावलांखाली घेऊन त्रिकोण करा आणि कॅमेरा वर ओढून धरा. एकाच पायाखाली घेतलात तर वर-खाली हलणं थांबतं, आडवं राहतंच.