बारावीनंतर थेट परदेशी: पहिल्या वर्षाचं शहर कसं ठरवलंत?

सांजवात

लेक यंदा बारावीला आहे (सायन्स, महाराष्ट्र बोर्ड). इंजिनिअरिंग बाहेर करायचं आणि आमचा विरोध नाही, एवढं घरात ठरलंय. पुढे सगळा गोंधळ. कौन्सेलरकडे गेलं की रँकिंगचा तक्ता उघडतात. फी, स्कॉलरशिप, प्लेसमेंट, काय वाट्टेल ते विचारा. शहराबद्दल विचारलं की 'एकदम सेफ आहे मॅडम, इंडियन स्टोअरपण आहे' इथे गाडी थांबते.

आमची मुलगी आजवर बँकेतसुद्धा एकटी गेलेली नाही. तिथे तिला घर शोधायचंय, सरकारी कचेरीत जायचंय, ताप आला तर एकटीने निस्तरायचंय. तेव्हा ज्यांनी स्वतः किंवा ज्यांच्या मुलांनी पदवीचं पहिलं वर्ष बाहेर काढलं त्यांनी लिहा. कोणतं शहर, का, भाडं, थंडी, रविवारी काय करता, सगळं चालेल. एमएसवाल्यांनी रागावू नका, पण तुमचं वयही वेगळं आणि गणितही. हा धागा बारावीवाल्यांचा.

डबा_ऐसपैस

ताई, मी २०२३ मध्ये जर्मनीत क्योटनला गेलो. नाव ऐकलं नसेल, काही बिघडत नाही.

आधी हे समजून घ्या. नुसत्या बारावीवर जर्मनीत इंजिनिअरिंगला थेट प्रवेश मिळत नाही. जेईई ॲडव्हान्स्ड पास असाल किंवा भारतात पदवीचं एक वर्ष नीट पार पडलं असेल, तर त्या शाखेपुरतं दार उघडतं. नाहीतर श्टुडियनकोलेग: दोन सेमिस्टरचा तयारीचा कोर्स, शेवटी परीक्षा, ती पास झालात की देशभर अर्ज करा. म्हणजे पहिलं वर्ष एका गावात आणि डिग्री दुसऱ्याच शहरात असं सर्रास होतं. घरी आम्ही म्युनिक की बर्लिन यावर वाद घालत होतो. पण खरा प्रश्न कोणत्या कोलेगची प्रवेश परीक्षा मला निघेल, हा होता. ती जर्मनमध्ये असते, इंजिनिअरिंगवाल्यांना गणितही असतं.

क्योटन जेमतेम पंचवीसेक हजार वस्तीचं. बाख १७१७ ते १७२३ इथे दरबारी संगीतकार होता, त्यामुळे त्याचं नाव जागोजागी. बाकी एक स्टेशन, बाजारचौक, आन्हाल्ट हॉखशूलं या विद्यापीठाचा कॅम्पस. रविवारी दुकानं बंद. डिसेंबरात चारलाच अंधार. पहिल्या नोव्हेंबरात मी आईला फोन करून नुसताच गप्प बसायचो, ती तिकडे कुकर लावत असायची.

पण गाव लहान असल्याचा फायदा सांगतो. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. माझ्या खिडकीवरच्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं, किंवा त्यांनी येऊ दिलं नाही. घरमालकाच्या सहीचं पत्र दिलं, तर त्यांनी फॉर्म माझ्याकडे वळवला आणि प्रत्येक रकाना मोठ्याने वाचायला लावला. अडलो की पेनाने अक्षर दाखवायच्या. मागे रांग. कोणी हूं की चूं केलं नाही. पुण्यात जर्मनच्या बी-१ पातळीपर्यंत जे शिकलो ते बोलता यायला लागलं ते अशा खिडक्यांवर. बर्लिनचे मित्र वर्षभर इंग्रजीवर निभावून नेत होते आणि शेवटच्या परीक्षेच्या जर्मन पेपराला घाम फुटला.

पैसे: व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला (वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) तेव्हा ११,२०८ युरो भरले, महिन्याला ९३४ हातात. सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ झालेत. म्युनिकला त्यातले सहा-सातशे खोलीलाच गेले असते. इथे भाडं, विमा, किराणा भागून थोडे उरायचे, ते ४९ युरोच्या डॉइचलांडटिकिटात (महिन्याचा पास) घालायचो (तेही आता महागलंय). त्यावर लोकल गाड्यांनी कुठेही जाता येतं. कढीपत्ता लाइपझिगला मिळतो.

पूर्व जर्मनीबद्दल लोक घाबरवतात. परकीयविरोधी पक्षाला तिकडे मतं भरपूर पडतात, ते खोटं कशाला सांगू. रात्री स्टेशनवर दारू पिऊन कोणीतरी बरळलं, असं एक-दोनदा झालं. वर्गात आणि हॉस्टेलात कधी नाही. मुलीसाठी विचारताय तर तिथे राहिलेल्या मुलींशीच बोला, माझं मत त्यात कमी धरा.

आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये (श्टुटगार्ट, कार्ल्सरुह, हायडेलबर्ग) युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. 'जर्मनीत शिक्षण फुकट' म्हणणाऱ्याला हे जरूर विचारा.

मिसिसागाची_आत्या

मी या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला आहे. माझ्या भावाने टोरांटो निवडलं, कारण टोरांटोजवळ मी आहे. 'आत्या आहे की!' यावर शहर, विद्यापीठ, सगळं ठरलं. मी आनंदाने हो म्हटलं, पुन्हाही म्हणेन. पण नकाशावर बोट ठेवून बघा. पोराचं कॉलेज डाउनटाउनला, आम्ही मिसिसागात. आमच्या बाजूच्या मिल्टन लाइनवर लोकल गाड्या फक्त कामाच्या दिवशी, त्याही सकाळी तिकडे आणि संध्याकाळी इकडे. लॅब लांबली की बस. फेब्रुवारीत उणे पंधरात बसथांब्यावर उभं राहून तो घरी यायचा, जेवायचा, झोपायचा. मित्र होणार कधी? त्याच्या वर्गातली मुलं रात्री लायब्ररीतून उठून पिझ्झा खायला जात, हा तेव्हा गाडीत.

शिवाय माझ्या घरात तो पाहुणाच. भूक लागली तरी फ्रिज उघडताना माझ्याकडे बघायचा. आणि त्याच्या आईचा फोन त्याच्याआधी मला: "वन्सं, जेवतोय ना नीट?"

जानेवारीत होस्टेलला खोली रिकामी झाली तशी मीच भावाला म्हटलं, जाऊ दे त्याला. शनिवारी येऊन राहायचा, डबे घेऊन जायचा. तेव्हा कुठे आम्ही दोघं गप्पा मारायला लागलो. टोरांटो विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना होस्टेलची हमी असते, पण अर्ज तारखेच्या आत गेला तरच. नातेवाईक त्याच शहरात असावेत, घर मात्र वेगळं असावं.

बापमाणूस_नाशिक

मुलगा सिंगापूरला, एनयूएस (नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूर). आमचा निकष एकच: मुंबईहून साडेपाच-सहा तासांचं विमान. अपॉइंटमेंट न घेता जाता आलं पाहिजे, असं बायकोचं म्हणणं. सरकारी ट्यूशन ग्रँट घेतली तर शिक्षणानंतर तीन वर्षं सिंगापूरच्या कंपनीत नोकरीचा करार करावा लागतो, ते अठराव्या वर्षी सही करण्याआधी नीट वाचा. शहर सुरक्षित आहे, महाग आहे आणि वर्षभर चिपळूणच्या जूनसारखं दमट. बाकी तक्रार नाही.

वाऱ्यावरची

ख्रोनिंगन (Groningen), नेदरलँड्स, दुसरं वर्ष चालू. 'खोली मिळाली नसेल तर येऊ नका' असं डच विद्यापीठं स्वतःच सांगतात आणि ती धमकी नसून माहिती असते.

कॅम्पसवर होस्टेल ही पद्धत इथे फारशी नाही. घरात पाच-सहा विद्यार्थी राहतात, खोली रिकामी झाली की ते संध्याकाळी सगळ्या उमेदवारांना एकत्र बोलावतात. कांदेपोह्यांचा कार्यक्रमच, फक्त पोहे मिळत नाहीत. दहा-बारा जण सोफ्यावर, प्रत्येकाने आपण किती मजेदार आहोत ते दाखवायचं, मग घरातले मतदान करणार. जाहिरातीतच 'फक्त डच' लिहिलेलं असतं कित्येकदा. मी पुण्यातून व्हिडिओ कॉलवर हे केलंय. आमच्याकडे रात्री बारा वाजलेले, बाबा मागे उभे, आणि समोरचा मुलगा विचारतोय तुझा पार्टी ट्रिक काय. मी 'घालीन लोटांगण' एका दमात म्हणून दाखवलं. खोली मिळाली!

दुसरी गोष्ट पहिल्या वर्षाचीच. ६० पैकी ४५ क्रेडिट मिळाले नाहीत तर तो अभ्यासक्रम सोडावा लागतो. म्हणून खोलीची चिंता ऑक्टोबरपर्यंत लांबली की ती थेट मार्कांवर येते. माझ्या वर्गातली एक मुलगी दोन महिने बॅगा घेऊन या घरातून त्या घरात फिरत होती.

शहर मला मनापासून आवडतं. चारातला एक माणूस विद्यार्थी, सायकलवर दहा मिनिटांत सगळं. वारा मात्र कायम समोरून, जातानाही आणि येतानाही. तुमच्या मुलीला टेक्निकलच हवं असेल तर एनस्खेडेचं ट्वेन्टे विद्यापीठ बघा, त्यांच्या कॅम्पसवर राहायची घरं आहेत.

लातूर_एक्सप्रेस

इंजिनिअरिंग नाही, पण लिहितो. 'नीट' परीक्षा पास, इथल्या खासगी कॉलेजची फी झेपेना, म्हणून तिबिलिसी (जॉर्जिया), एमबीबीएस. देश निवडताना नियम आधी बघायचे: एनएमसीला (आपला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) किमान ५४ महिन्यांचा कोर्स आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप तिथेच लागते, शिक्षण इंग्रजीत लागतं. गावातला एजंट यातलं एक अक्षर बोलला नव्हता, मामाने शोधून काढलं.

शहर डोंगरांत, मेट्रो स्वस्त. जुन्या सोव्हिएत इमारतींच्या लिफ्टमध्ये नाणं टाकावं लागतं, तेव्हा खिशात सुटे नसले की आठ मजले चढा. मेस आहे, पोळ्या जाड असतात. मराठवाड्यातली पोरं इतकी की पहिल्या वर्षी जॉर्जियन शिकायची वेळच येत नाही, आणि तिथेच फसगत आहे. लेक्चर इंग्रजीत, पण वॉर्डातला पेशंट जॉर्जियनच बोलणार. 'पोट कुठे दुखतं' एवढं तरी पहिल्या वर्षातच शिकून ठेवा.

सांजवात

सगळ्यांचे आभार, आज रात्री लेकीला वाचून दाखवते. क्योटन नकाशावर सापडलं. @वाऱ्यावरची, पुण्यात बसून खोली खरी की खोटी कसं ओळखलंस गं?

वाऱ्यावरची

काकू, चार गोष्टी. लाइव्ह व्हिडिओवर घर दाखवायला सांगायचं आणि मध्येच 'खिडकी उघडून रस्ता दाखवा' म्हणायचं. तो रस्ता नकाशावर ताडून बघायचा. नगरपालिकेत त्या पत्त्यावर नोंदणी करता येईल का ते लेखी घ्यायचं, 'नोंदणी नाही' म्हणाले की सोडून द्यायचं, कारण नोंदणी नसली की पुढची सगळी कागदपत्रं अडतात. आणि मालक परदेशात आहे, किल्ली कुरिअरने येईल, आधी दोन महिन्यांचं डिपॉझिट भरा, असं कोणी म्हणालं तर उत्तरसुद्धा द्यायचं नाही. मला असे तिघं भेटले, तिघांचेही फोटो एकाच फ्लॅटचे होते.