पपईचं सॅलड मागवण्याआधी
एकांनी लिहिलंय की लाओसमधल्या लुआंग प्रबांग शहरात शाकाहारी माणसाने कच्च्या पपईचं सॅलड बिनधास्त मागवावं. जरा थांबा! त्या 'ताम माक हुंग'मध्ये बहुतेक वेळा पादेक असतं, म्हणजे मीठ आणि तांदळाच्या कोंड्यात मुरवलेल्या माशांचा दाट, उग्र वासाचा रस. नुसतं 'मांस नको' सांगून भागत नाही. 'बो साय पादेक' (पादेक घालू नका) एवढं पाठ करून जा. गाडीवर तुमच्यासमोरच उखळात कुटून देतात, त्यामुळे लक्ष ठेवता येतं. अर्थात उखळ तेच असतं, तेव्हा कडक पाळणाऱ्यांनी नादी लागू नये.

जेवायची पद्धत मात्र आपल्याला सहज जमते. चिकट भात (खाव नियाव) भिजवून वाफवलेला असतो आणि झाकणाच्या छोट्या बांबूच्या टोपलीत येतो. हाताने लिंबाएवढा गोळा तोडायचा, बोटांनी दाबून घट्ट करायचा आणि 'चेओ'त, म्हणजे चटणीत, टेकवून खायचा. लाप (बारीक चिरलेल्या मांसाचं सॅलड), भाज्या वगैरे सगळं मधे, सगळ्यांचं मिळून. चॉपस्टिक्स नूडल्सच्या सूपपुरत्याच. जेवण झालं की टोपलीचं झाकण आठवणीने लावा. उघडं ठेवणं अशुभ मानतात.

आणि खायपेन चुकवू नका. नदीतलं शेवाळ तीळ-लसूण लावून वाळवतात आणि तळून देतात, अगदी पापडासारखं कुरकुरीत. सोबतच्या 'चेओ बोंग' चटणीत मात्र सहसा म्हशीचं वाळवलेलं कातडं असतं, ती आधी विचारूनच घ्या.