वेब सर्व्हिस शिकताना कोणत्या साधनांनी सुरुवात करावी?

नवखा:
मला पायथन बऱ्यापैकी येते, परंतु वेब सर्व्हिस अद्याप लिहिलेली नाही. वाचनालयातील पुस्तकांच्या नोंदी मोबाइल अ‍ॅपला पुरवणारी छोटी सर्व्हिस तयार करण्याचा विचार आहे. कोणी जावा आणि तिची स्प्रिंग बूट ही फ्रेमवर्क (सर्व्हिसचा तयार सांगाडा) सुचवतात, कोणी जावास्क्रिप्टसाठीचे नोड आणि एक्सप्रेस. माझ्याकडील जुन्या पुस्तकात तर सारा भर सोप या एक्सएमएलमधून संदेश पाठवण्याच्या जुन्या पद्धतीवर आहे. लॅपटॉपची रॅम ८ जीबी आहे. सुरुवात कशाने करावी?

पायथनप्रेमी:
येत असलेली भाषा सोडू नका, कारण नवी भाषा आणि एचटीटीपी (वेबवर मागणी व उत्तर पाठवण्याचे नियम) एकदम शिकायला घेतल्यास अडचण नेमकी कशात आहे हेच उमगत नाही. २०१८ मध्ये आलेली फास्टएपीआय ही पायथनची फ्रेमवर्क वापरा. प्रकाशनवर्ष पूर्णांक असावे असे टाइप हिंटमध्ये (कोडमधील डेटाच्या प्रकाराची नोंद) लिहिले, की तेथे अक्षरे पाठवणाऱ्याला ती स्वतःच ४२२ हा स्टेटस कोड (मागणीचे काय झाले ते सांगणारा आकडा; येथे ‘डेटा चुकीचा’) परत करते. शिवाय चाचणी घेण्यासाठी ‘डॉक्स’चे पान आयते मिळते.

आडवाट:
ते आयतेपणच मला नवशिक्यासाठी खटकते. फ्लास्क या पायथनच्याच साध्या फ्रेमवर्कमध्ये ही तपासणी स्वतः लिहावी लागते आणि शिकणाऱ्याने ती एकदा तरी लिहावी, असे माझे मत आहे. रिक्वेस्ट कर्ल या कमांडने, व्हर्बोज (सविस्तर) पर्याय लावून पाठवा, म्हणजे कोणते हेडर (मागणीसोबतची माहिती) गेले, नोंद तयार झाल्यावर २०१ (‘तयार झाले’) आला की नुसताच २०० (‘ठीक’), आणि नसलेल्या पुस्तकासाठी ४०४ (‘सापडले नाही’) येतो की सर्व्हर ५०० (सर्व्हरमधील चूक) देऊन कोसळतो, हे सारे डोळ्यांसमोर राहते. विंडोज १० व ११ मध्ये कर्ल आधीपासूनच असते. मात्र विंडोज पॉवरशेल या कमांड खिडकीत नुसते ‘कर्ल’ लिहिल्यास भलतीच कमांड चालते, म्हणून पुढे ‘डॉट ईएक्सई’ जोडावे. पोस्टमन हे रिक्वेस्ट पाठवण्याचे खिडकीवाले साधन नंतर घेतले तरी चालेल.

जुना जावेकर:
मी पोटापाण्यासाठी जावाच लिहितो, तरीही येथे स्प्रिंग बूट सुचवणार नाही. ८ जीबीत ते चालते, पण मेव्हन (प्रकल्प बांधण्याचे साधन), अ‍ॅनोटेशन (कोडवरील खुणा) आणि डिपेन्डन्सी इंजेक्शन (लागणारे भाग बाहेरून पुरवण्याची पद्धत) समजून घेण्यातच तुमचा उत्साह खर्च होईल. सोपची एक्सएमएल पाकिटे आणि डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसचे वर्णन करणारी फाइल) जुन्या बँकिंग प्रणालींत आजही भेटतात; तसे काम समोर आले की शिकावे, तुमच्या अ‍ॅपला जेसन हा डेटा लिहिण्याचा साधा मजकुरी नमुना पुरेसा आहे. डेटाबेसचा उल्लेख कोणीच केला नाही. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरा: त्याचे मॉड्यूल पायथनसोबतच येते आणि सर्व नोंदी एकाच फाइलमध्ये राहतात. एका वेळी एकालाच लिहिता येते ही त्याची मर्यादा आहे, पण वाचनालयाच्या देवघेवीला ती जाणवणार नाही. ती फाइल मात्र गिटमध्ये (कोडचे बदल जपून ठेवणारे साधन) टाकू नका.