मेथोट्रेक्सेट चालू असताना आईला फ्लूची लस पावसाळ्यापूर्वी केव्हा द्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी आई ७१ वर्षांची आहे आणि आम्ही लालबागला चाळीत राहतो. तिला गेली सहा वर्षे आमवात आहे व त्यासाठी ती दर रविवारी मेथोट्रेक्सेट ही रोगप्रतिकारशक्ती दाबणारी गोळी घेते. तिच्या फ्लूच्या लसीचा निर्णय मला याच आठवड्यात घ्यावयाचा आहे.

गेल्या वर्षी आम्ही उशीर केला. पाऊस सुरू झाल्यावर, जूनच्या अखेरीस तिला लस दिली आणि नवव्या दिवशी ताप भरला. तपासणीत एच३एन२ हा फ्लूचा प्रकार निघाला, धाप लागू लागली आणि तीन रात्री रुग्णालयात काढाव्या लागल्या. लसीनेच आपण आजारी पडलो, असे तेव्हापासून आईच्या मनाने घेतले आहे. तिला दिलेली लस निष्क्रिय विषाणूची होती, तिच्यामुळे फ्लू होत नाही. विषाणूच्या पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार होण्यास साधारण दोन आठवडे लागतात आणि त्याआधीच संसर्गाने तिला गाठले, असे मी तिला समजावले. तिला ते पटते, तरी लसीचा विषय काढला की ती गप्प होते, आणि ऑक्सिजनची नळी लावून तिने काढलेल्या त्या रात्री मी पाहिलेल्या असल्याने माझाही आग्रह लुळा पडतो.

आता खरी अडचण सांगतो. वाढत्या वयात लसीला मिळणारा प्रतिसाद मुळातच क्षीण असतो आणि मेथोट्रेक्सेटमुळे तो आणखी कमी होतो. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या आमवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, सांध्यांचा आजार आटोक्यात असेल तर फ्लूच्या लसीनंतर दोन आठवडे हे औषध थांबवावे. आईच्या बाबतीत 'आटोक्यात' म्हणजे काय, हाच प्रश्न आहे. दिवाळीत दोन रविवार गोळी राहून गेली, तर तिला सकाळी चहाचा कपही उचलता येईना. तिच्या आमवाततज्ज्ञांची वेळ ३ जूनची मिळाली आहे. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो व त्यासोबत फ्लूचे रुग्ण वाढू लागतात. म्हणजे त्यांना विचारून लस दिली, तर गेल्या वर्षीचीच चूक पुन्हा घडण्याची मला भीती वाटते.

गोळी चालू ठेवून लस आताच द्यावी, की भेटीपर्यंत थांबावे? आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा कल लगेच देण्याकडे आहे, मात्र गोळी थांबवण्याचा निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावा, असे ते म्हणतात. मलाही ते योग्य वाटते. स्वतःच्या अंदाजाने मी तिची गोळी बंद करणार नाही.

शेजारच्या प्रयोगशाळेतील एकाने लसीनंतर प्रतिपिंडांची चाचणी करून घेण्याचे सुचवले आहे. माझ्या वाचनात आले ते असे की, प्रतिपिंडांची १:४० ही पातळी (म्हणजे रक्तद्रव चाळीस पट विरळ केल्यावरही त्यांचा परिणाम दिसणे) साधारण निम्म्या संरक्षणाशी जोडली जाते, पण ती मुख्यतः निरोगी प्रौढांवरील अभ्यासांतून आलेली आहे. ज्येष्ठांमध्ये त्या एका आकड्यावर विसंबावे का, आणि तो कमी निघाला तर पुढे करण्यासारखे काही असते का?

घरात कोणी मेथोट्रेक्सेट घेत असताना ही लस घेतली असेल, तर गोळी थांबवली होती का, किती दिवस, आणि नंतर सांधे कसे राहिले, हे कृपया लिहावे. तज्ज्ञांची वेळ अलीकडे आणण्यासाठी दवाखान्यात नेमके काय सांगावे, हेही कोणी सुचवले तर मी उद्या सकाळीच फोन करीन.