वायरिंगला पाण्याचा पीव्हीसी पाइप चालेल का?

प्रश्न: कामातून पाण्याचे पीव्हीसी पाइप उरलेत, हा आणि वायरिंगचा पाइप (कंड्युइट) दोन्ही प्लास्टिकच ना, मग त्यातूनच वायरी ओढल्या तर काय बिघडतं? उलट हा पाइप जाड आहे.

उत्तर १: जाड असतो तो आतल्या पाण्याच्या प्रेशरसाठी, वायरीला त्याचा काय उपयोग. कंड्युइटची टेस्ट वेगळी असते, आग पुढे पसरू नये, वरून दाब किंवा मार बसला तरी चेपू नये वगैरे. आणि खरी गंमत वळणावर कळते, प्लंबिंगचा एल्बो एकदम काटकोनात वळतो, तिथे वायर अडकते, जोर लावून ओढली की इन्सुलेशन सोलतं. कंड्युइटचा बेंड मोठ्या गोलाईचा असतो तो यासाठीच.

उत्तर २: शिवाय उद्या कोणी दुरुस्तीला आला तर पाण्याची लाइन समजून बिनधास्त करवत चालवेल आणि आत चालू वायर!! माझ्या मते हेच सगळ्यात डेंजर.

प्रश्नकर्ता: ओके, मग उलटं? कंड्युइटमधून पाणी?

उत्तर १: अजिबात नको. तो प्रेशरसाठी बनवलेलाच नसतो, पिण्याच्या पाण्यासाठी तपासलेलाही नसतो. उरलेले पाइप ड्रेनला वापरा की.