स्टुडिओत फोटो काढायला जाण्याआधी: या धंद्यातल्या मंडळींचे अनुभव

उजेड_सावली

तुळशीचं लग्न उरकलं की बायोडेटाच्या फोटोंसाठी स्टुडिओचे फोन वाजायला लागतात. जोडीला ऑफिसचे प्रोफाइल फोटो आणि आजोबांच्या पंच्याहत्तरीचं पोर्ट्रेट. गिऱ्हाईक दारात येतं तेव्हा बरंचसं बिघडून गेलेलं असतं: फेशियल कालचं, शर्ट पिशवीत कोंबलेला, केसांना तेल. कॅमेऱ्यासमोरचा तास आम्ही सांभाळतो, पण आधीचा आठवडा कसा घालवायचा ते कुणी सांगत नाही. फोटोग्राफर, मेकअपवाले, साडी नेसवणाऱ्या, चष्मेवाले, लॅबवाले, सगळ्यांनी लिहा. कारणासकट लिहा, ‘फ्रेश दिसा’ छापाचं नको.

सुरुवात केसांपासून करतो. कटिंग सहा-सात दिवस आधी. कालच्या कटिंगमध्ये मानेवर आणि कानशिलांवर उन्ह न लागलेली फिकट कातडी उघडी पडते आणि मागून दिवा टाकला की तो पट्टा पांढरा चमकतो. रंग लावायचा असेल तर तीन-चार दिवस आधी, म्हणजे कपाळाच्या कडेचे डाग निघून जातात. डोकं आदल्या रात्री धुवा आणि तेल लावू नका. तेलाने केसांच्या बटा होतात, मधून टाळू दिसते. सकाळी धुतलेले केस मात्र इतके सुळसुळीत असतात की भांग टिकत नाही.

दाढी सकाळीच, पण फोटोच्या दोन-तीन तास आधी. लाली उतरायला तेवढा वेळ हवा. राखलेल्या दाढीची कड आदल्या संध्याकाळी कोरून घ्या. थ्रेडिंग दोन दिवस आधी. फेशियल आणि ब्लीच आठवडाभर आधी, कारण पुरळ यायचं असेल तर ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. आणि आदल्या रात्री पापड-लोणच्याला सुट्टी द्या. जास्त मिठाने सकाळी डोळ्यांखाली सूज असते, म्हणून शक्यतो दहाच्या आधीची वेळ घेऊ नका.

काजळरेघ

मेकअपमध्ये सगळ्यात जास्त घोळ सनस्क्रीन घालतं. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असलेलं क्रीम फ्लॅशचा उजेड परत फेकतं. आरशात चेहरा ठीक दिसतो, फोटोत मानेपेक्षा दोन छटा पांढरा येतो. सिलिका असलेली ‘एचडी’ पावडर डोळ्यांखाली जास्त झाली तर तिथे पांढरे चंद्र उमटतात. तपासायची सोपी रीत अशी: सगळा मेकअप करा, खोलीत अंधार करा आणि मोबाइलच्या फ्लॅशने हातभर अंतरावरून फोटो काढा. जे चमकायचं ते तिथेच चमकेल.

फाउंडेशनची छटा मनगटावर बघू नका. जबड्याच्या कडेला तीन छटांच्या रेघा ओढा, खिडकीशी उभं राहा, जी रेघ दिसेनाशी होते ती आपली. गव्हाळ किंवा सावळ्या वर्णावर एक छटा उजळ लावायचा मोह आवरा. चेहरा उजळत नाही, राखाडी पडतो. कान आणि गळ्यालाही तोच हात फिरवा. कान विसरले की फोटोत ते लाल येतात.

खालच्या पापणीच्या आतल्या कडेला गडद काजळ भरलं तर डोळा लहान दिसतो. काजळ बाहेरच्या निम्म्या भागातच ठेवा. टिकली खड्यांची नको, साधी कापडी लावा. ओठांना आदल्या रात्री व्हॅसलीन चोळा आणि फोटोआधी ते पूर्ण पुसून टाका. पुरुषांना ‘मेकअप नको’ म्हणायची घाई असते, पण कपाळ, नाक आणि हनुवटी यांवरचं तेल तरी टिपलंच पाहिजे. टिश्यू दाबायचा, घासायचा नाही. घासलं की नाक लाल.

उजेड_सावली

काजळरेघ ताई, एक भर घालतो. पार्लरच्या पिवळ्या बल्बखाली केलेला मेकअप स्टुडिओच्या फ्लॅशमध्ये हमखास भडक येतो, कारण फ्लॅशचा रंग दिवसाच्या उजेडाच्या जवळ असतो. पार्लरमधून निघण्याआधी दुकानाबाहेर येऊन आरशात एकदा बघा.

कॉलर_टाइट

कपड्यांबद्दल. बारीक चौकडी आणि बारीक रेघांचा शर्ट घालू नका. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पिक्सेलची जाळी असते. तिची वीण आणि कापडाची वीण जवळपास सारखी आली की फोटोत शर्टावर पाण्यासारख्या रंगीत लाटा दिसतात. नंतर त्या काढणं फार किचकट काम आहे. बोटभर रुंदीच्या चौकडीला हा त्रास सहसा होत नाही.

पांढऱ्या पडद्यापुढे पांढरा शर्ट आणि काळ्या पडद्यापुढे काळा कोट टाळा, खांदे पडद्यात विरघळून जातात. पोपटी, केशरी अशा झगझगीत रंगांचा उजेड हनुवटीखाली चढतो, मग गळा हिरवट दिसतो. निळा, बाटली हिरवा, मरून, फिकट राखाडी हे रंग बहुतेकांना चालतात. शर्ट हँगरवर न्या आणि स्टुडिओत बदला. स्कूटरवर सीट बेल्ट नसतो, पण सॅकचा पट्टा असतो, तो छातीवर बरोबर आडवी सुरकुती पाडतो.

पांढऱ्या पातळ शर्टाखालची पांढरी बनियन फोटोत स्पष्ट दिसते. अंगाच्या रंगाची घाला. कोटातला फोटो बसून काढायचा असेल तर मागचं टोक खाली ओढून त्यावर बसा, म्हणजे कॉलर मानेवर चढत नाही. शर्टाची बाही कोटाबाहेर सेंटिमीटरभर दिसू द्या. पाठीमागे कोट सैल असेल तर तिथे दोन कपड्याचे चिमटे लावतात. समोरून शिवून घेतल्यासारखा दिसतो, मागून कोण बघतंय! खिशातून मोबाइल, किल्ल्या, पेन बाहेर. धागे आणि केस टिपायला रुंद चिकटपट्टी तळहाताला उलटी गुंडाळून अंगावरून फिरवा.

ओचापदर

रेशमी साडीच्या घड्यांच्या खुणा आयत्या वेळी जात नाहीत. आदल्या रात्री साडी उलगडून टांगा, सकाळी उलट बाजूने, वर सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवा. रेशमावर पाणी शिंपडू नका, डाग राहतो.

पैठणीची सगळी शान पदरात असते आणि पदर पाठीमागे असतो, हीच फोटोतली अडचण. उभ्या पूर्ण फोटोसाठी पदर सुटा ठेवून डाव्या हातावर पसरवा, किंवा मागून घेऊन उजव्या बाजूने पुढे आणा, म्हणजे मोर दिसतात. जवळच्या फोटोत मात्र पदराच्या चार बोटं रुंदीच्या निऱ्या घालून खांद्यावर पिन लावा. पिन ब्लाउजच्या आतून, डोकं लपलेलं. जरीचा काठ फ्लॅश सरळ अंगावर आला तर पांढरा फटक येतो आणि नक्षी जाते. फोटोग्राफरला ‘जरीची साडी आहे’ एवढं आधी फोनवर सांगा, तो दिवा मोठा आणि बाजूला घेईल.

नऊवारीत बसून उठलं की ओचा ढिला होतो. उभे फोटो आधी आटपा, बसलेले नंतर. नेसायला सहावारीला वीस मिनिटं, नऊवारीला अर्धा तास धरा आणि हा वेळ स्टुडिओच्या वेळेत मोजला जातो का ते विचारून घ्या. नथीची सावली वरच्या ओठावर पडते, लांबून मिशीसारखी दिसते. दिवा समोर थोडा खाली आणला किंवा मांडीवर पांढरा थर्माकोल धरला की ती फिकी होते. गजरा त्याच दिवशीचा घ्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून न्या.

चष्मेवाली

चष्म्यावरच्या चमकेचं कारण नुसता कोन आहे. दिवा काचेवरून उसळून थेट कॅमेऱ्यात जातो. दिवा वर घ्या, हनुवटी किंचित खाली करा, तरी चमक राहिली तर चष्म्याच्या काड्या कानावरून अगदी थोड्या उचला, काच जमिनीकडे झुकते. अँटी-रिफ्लेक्टिव्ह काचेने पांढरी चमक कमी होते, हिरवट-जांभळी थोडी राहतेच. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर आत येऊन दहा मिनिटं तरी थांबा.

जास्त मायनस नंबरच्या काचेमागे गालाची कड आत सरकलेली दिसते. अशांनी जुन्या फ्रेममधून काचा काढून ती रिकामी फ्रेम फोटोला वापरावी. चमकही गेली, गालही जागेवर. चष्म्याशिवाय काढायचा असेल तर वीस मिनिटं आधी काढून ठेवा, नाकावरचे खड्डे भरायला वेळ लागतो.

पासपोर्ट_कोपरा

चष्म्याचं वर आलंय म्हणून: अमेरिकेच्या व्हिसासाठी चष्मा चालतच नाही, नोव्हेंबर 2016 पासून. तिथला फोटो 2 बाय 2 इंच, म्हणजे 51 मिलिमीटर चौरस, हनुवटीपासून डोक्याच्या वरपर्यंत 25 ते 35 मिलिमीटर, पडदा पांढरा. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाचा, 35 बाय 45 मिलिमीटर, त्यात चेहरा 32 ते 36 मिलिमीटर. ‘व्हिसाचा फोटो’ एवढंच सांगून भागत नाही, देश सांगा. दोन्हीकडे फोटो गेल्या सहा महिन्यांतला लागतो. चेहऱ्यावर भाव नकोत, केस भुवयांवरून मागे. आणि यात रिटचिंग शून्य. तीळ पुसला, जबडा बारीक केला तर अर्ज परत येऊ शकतो. बायोडेटासाठी काढलेल्या फोटोतून डोकं कापून व्हिसाचा बनवा म्हणणारे रोज एक तरी येतात. तसं होत नाही: मान वळलेली असते, एका गालावर सावली असते.

नवखा_पुणेकर

स्टुडिओचे पैसे वाचवायचे असतील तर? घरी मोबाइलवर जमेल का?

उजेड_सावली

बऱ्यापैकी जमतं. हातभर अंतरावरून काढू नका, जवळून नाक मोठं आणि कान लहान येतात. दोष अंतराचा आहे, लेन्सचा नाही. सहा-सात फूट लांब उभं राहून दोन किंवा तीन पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. स्टुडिओत आम्ही 85 मिलिमीटरची लेन्स घेऊन तेवढ्यावरच उभे असतो. थेट ऊन येत नसलेल्या खिडकीपाशी, खिडकी एका बाजूला ठेवून बसवा, दुसऱ्या बाजूला थर्माकोलची शीट धरा. भिंतीपासून चार-पाच फूट पुढे. घरातली ट्यूब बंद करा, नाहीतर एक गाल निळसर, दुसरा हिरवट. फोटो दुसऱ्याने काढावा, सेल्फीत डोळे स्क्रीनवर राहतात.

फेटेवाला

वडीलधाऱ्यांच्या फोटोबद्दल कुणी लिहिलं नाही. फेट्याची कड आणि टोपीची कड कपाळावर सावली टाकतात, डोळे काळोखात जातात. वरचा दिवा डोळ्यांच्या थोडा वर, जवळजवळ समोर आणावा लागतो. पांढरी गांधी टोपी आणि सावळा चेहरा एकत्र असला की चेहरा बघून उजेड मोजला तर टोपी कागदासारखी सपाट होते, घड्या दिसत नाहीत. टोपी सांभाळून उजेड ठेवायचा, चेहरा नंतर एडिटिंगमध्ये उजळायचा.

आजोबांना हात नसलेली, ताठ पाठीची खुर्ची द्या. सोफ्यात माणूस बुडतो आणि पोट पुढे येतं. तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. कवळी रोज लावत असतील तर लावूनच या, नाहीतर ओठ आत ओढलेले येतात. ऐकायचं यंत्र ठेवायचं की काढायचं ते आजोबांना विचारा, मुलाला नको. काढलं तर सूचना हाताच्या खुणेने द्यायच्या, मोठ्याने ओरडलं की चेहरा आक्रसतो.

उजेड_सावली

उभं राहण्याबद्दल थोडक्यात. अंग कॅमेऱ्यापासून थोडं तिरकं, वजन मागच्या पायावर. मान कासवासारखी पुढे काढा आणि हनुवटी जराशी खाली. समोरून विचित्र वाटतं, फोटोत दुसरी हनुवटी जाते. हातांची कड दाखवा, पंजा नको. सारखे डोळे मिटणाऱ्यांनी डोळे बंद ठेवायचे आणि ‘तीन’ म्हटल्यावर उघडायचे, मी अर्ध्या सेकंदाने बटण दाबतो. पहिले दहा-पंधरा फोटो बहुधा वायाच जातात, तेवढे जाऊ द्या.

मॅट_ग्लॉसी

लॅबकडून. रिटचिंगला एक रीत पाळतो: दोन आठवड्यांत जाणारं ते काढायचं, कायमचं ते ठेवायचं. पुटकुळी जाते, तीळ आणि व्रण राहतात. ‘जरा गोरा करा’ ही मागणी बायोडेटाच्या फोटोंत सगळ्यात जास्त. मुलगी किंवा मुलगा बघायला आलेली माणसं पहिल्या पाच मिनिटांत फरक ओळखतात, तेव्हा ती कराच कशाला?

जुन्या स्टुडिओ-फोटोंतले पणजोबा इतके गंभीर का, असं विचारतात. त्या काळचे नामांकित फोटोग्राफर राजा दीन दयाळ यांनी 1896 मध्ये मुंबईत स्टुडिओ काढला, त्याच्याही आधीच्या पिढीत काचेची प्लेट काही सेकंद उघडी ठेवावी लागायची. डोकं हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार असायचा. तेवढा वेळ हसू टिकत नाही हो.

फाइल मागताना मूळ आकाराची मागा. 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) 4 बाय 6 इंचाला 1200 बाय 1800 पिक्सेल लागतात, 8 बाय 10 ला 2400 बाय 3000. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की फोटो आकसतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ऑफिसच्या प्रोफाइलमध्ये फोटो गोलात कापला जातो, म्हणून डोक्यावर आणि खांद्यांच्या बाजूला जागा सोडायला फोटोग्राफरला आधीच सांगा.

भिंतीवर लावायचा असेल तर मॅट घ्या. ग्लॉसी प्रिंट फ्रेमच्या काचेला टेकली की कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ती काचेला चिकटते, सोडवताना गालाचा तुकडा काचेवरच राहतो. ग्लॉसीच हवी असेल तर फ्रेमवाल्याकडून मध्ये दोन मिलिमीटरचा माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालून घ्या.