मन साफ आहे, पण पद्धत कोणाची?
मन साफ असलं की उपासना कशीही करा, देवाला चालते हे तुमचं म्हणणं मला नाही पटत. उज्जाचं बघा ना, बायबलमधल्या 2 शमुवेल 6 मध्ये. दावीद राजा देवाच्या कराराचा कोश, म्हणजे पवित्र पेटी, नव्या बैलगाडीवरून नेत होता आणि उज्जा त्या गाडीबरोबर होता. बैल अडखळले, कोश पडेल म्हणून त्याने हात लावला आणि तिथेच मेला, वाचताना अजूनही काळजात धस्स होतं. हेतू चांगलाच होता हो! पण कोश लेव्यांनी, म्हणजे देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशाने, खांद्यावर न्यायचा हे देवाने आधीच सांगितलेलं, आणि नव्या गाडीची आयडिया तर पलिष्ट्यांची, म्हणजे इस्राएलच्या शत्रूंची. दाविदाने नंतर 1 इतिहास 15 मध्ये चूक कबूल केली आणि लेव्यांनी दांडे खांद्यावर घेतले. म्हणून मला काय बरं वाटतं यापेक्षा देवाने काय सांगितलंय ते मी आधी वाचते, कधीकधी जड जातं पण वाचते.